रिबॉन्डिंग केलेले केस तुटतात, दुभंगतात तेव्हा : या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली किंवा घरात लग्न ठरले, की पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील पार्लरमध्ये रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग या केस रसायनाने सरळ करण्याच्या प्रक्रियांसाठी वेळ मिळणे अवघड होऊन बसते. समारंभाच्या दिवशी केस सरळ, मऊ आणि आटोपशीर दिसतात, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती काही महिन्यांनी, जेव्हा कंगव्यात, ओढणीवर आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे बोटभर तुकडे दिसू लागतात आणि वेणीचे टोक विरळ होत जाते. मग दोष पाण्याला, दमट हवेला, शॅम्पूला किंवा पार्लरवालीला दिला जातो. यांतील प्रत्येकाचा थोडाफार वाटा असूही शकतो. परंतु माझ्या मते बहुतेक नुकसान पहिल्या प्रक्रियेनंतर त्या केसांना मिळणाऱ्या वागणुकीतून होते, आणि त्यातही सर्वांत मोठे नुकसान त्याच केसांवर पुन्हा रसायन चढवल्याने होते.

केस कोठे तुटला हे न पाहताच उपाय करणे

गळणे, तुटणे आणि दुभंगणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींना केसगळती म्हणून एकच तेल चोळत राहणे ही पहिली चूक होय. कंगव्यातला एखादा केस विरुद्ध रंगाच्या कापडावर ठेवून खिडकीच्या उजेडात नीट पाहावा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल, तर तो मुळापासून गळलेला आहे, आणि दिवसाला 50 ते 100 केस असे गळणे स्वाभाविक आहे. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल, तर केस मध्येच तुटलेला आहे. टोकाला दोन किंवा अधिक फाटे दिसत असतील, तर केसावरचे खवल्यांचे आवरण झिजून आतले तंतू सुंभाच्या उसवलेल्या टोकासारखे सुटे झाले आहेत. काही केसांवर मध्येच पांढरे ठिपके दिसतात. बऱ्याच जणी त्यांना कोंडा किंवा लिखा समजतात, पण ते ठिपके म्हणजे आवरण फुटून गाभ्याचे तंतू बाहेर आल्याच्या जागा असतात, आणि पुढचा ताण बसला की केस नेमका तेथेच तुटतो.

तुकडे कोणत्या भागातले आहेत हेही पाहावे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. रिबॉन्डिंगला सहा महिने झाले असतील आणि केस टाळूपासून सहा-सात सेंटिमीटरवर तुटत असतील, तर तो नव्या कुरळ्या वाढीचा आणि जुन्या सरळ केसाचा सांधा आहे, हे लगेच ओळखता येते. या सांध्यावर दोन वेगळ्या ताकदीचे आणि वेगळ्या वळणाचे केस एकमेकांना ओढत असतात, म्हणून तो सर्वांत नाजूक असतो. केवळ कपाळाजवळचे किंवा मानेवरचे केस तुटत असतील, तर रबरबँड, पिना आणि हेल्मेटच्या पट्ट्याकडे आधी पाहावे. जेथे-तेथे, सर्व लांबीवर तुकडे होत असतील, तर मात्र रसायन जास्त झाले असण्याची शक्यता मोठी आहे.

याची खातरजमा घरीच करता येते. गळालेला एक पूर्ण केस बशीतल्या पाण्यात काही मिनिटे भिजत ठेवावा, मग दोन्ही टोके चिमटीत धरून सावकाश ताणावा. चांगला ओला केस जवळजवळ एक तृतीयांशाने लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. तो लांबतच राहिला, लिबलिबीत लागला आणि मूळ लांबीवर आला नाही, तर गाभ्यातले बंध प्रमाणाबाहेर तुटले आहेत. अशा केसांवर नवे रसायन आणि इस्त्री दोन्ही बंद ठेवावीत. तो जराही न ताणता तटकन तुटला, तर तो कोरडा आणि ठिसूळ झाला आहे आणि त्याला कंडिशनर व तेलाची गरज आहे. ही दोन्ही लक्षणे एकाच उपायाने जात नाहीत, आणि ‘प्रोटीन’ लिहिलेला प्रत्येक डबा उपयोगी पडत नाही, तो याच कारणामुळे. आधीच ठिसूळ झालेल्या केसांवर प्रथिनांचे थर चढवत गेल्यास ते आणखी ताठर होतात.

रसायनावर रसायन

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार ज्या बंधांमुळे टिकतो, त्यांतले सर्वांत बळकट बंध गंधकाचे असतात. आपल्याकडच्या रिबॉन्डिंगमध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट वापरतात. ते हे बंध सोडवते, मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून बंध पुन्हा जुळवतात. सगळे बंध मात्र पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रक्रियेनंतर केस पूर्वीपेक्षा थोडा कमकुवतच राहतो. रिलॅक्सर हा प्रकार वेगळा आहे. मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी तो तयार झाला. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा त्याच जातीचा तीव्र अल्कली असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचे माप) 12 च्याही वर जातो, आणि तो गंधकाचा बंध कायमचा बदलून टाकतो. न्यूट्रलायझरने तो पूर्ववत जुळत नाही.

हा फरक गोव्यात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण येथील अनेक कुटुंबांतले कोणी आखातात, कोणी बोटीवर, तर कोणी पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये असते आणि सुट्टीवर येताना मागवलेले सामान आणते. त्या सामानात रिलॅक्सरचा डबा असेल आणि तो रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर घरीच लावला गेला, तर थायोग्लायकोलेटने आधीच सैल झालेले केस पहिल्या धुण्यातच मुळाजवळून तुटून हातात येऊ शकतात. थायो आणि हायड्रॉक्साइड एकाच केसावर कधीही लावू नयेत, उलट्या क्रमानेही नाही. मधे कितीही महिने गेले तरी यात सवलत नाही, कारण तो जुना केस कापला जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून मागच्या वेळी कोणते रसायन लावले होते, हे पार्लरमधून लिहून घ्यावे आणि पुढच्या ठिकाणी ते दाखवावे. दुसऱ्या गावच्या पार्लरमध्ये जाताना ‘फक्त स्ट्रेटनिंग केले होते’ एवढी माहिती अपुरी आहे.

टच-अपच्या वेळी होणारी चूक याहून कितीतरी अधिक आढळते. रसायन फक्त नव्या वाढीला लावायचे असते, पण घाईत किंवा ‘सगळेच एकदा छान होऊ दे’ म्हणून ते टोकापर्यंत ओढले जाते. जुन्या सरळ केसांवर आधीच कंडिशनरचा किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा, नवी वाढ किमान सहा-सात सेंटिमीटर होईपर्यंत थांबावे, आणि संपूर्ण डोक्याला लावण्याआधी मानेजवळच्या एका बटेवर चाचणी घेण्याचा आग्रह धरावा. हा आग्रह धरताना संकोच वाटण्याचे कारण नाही. चाचणीला नकार देणाऱ्या ठिकाणी प्रक्रिया करूनच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हायलाइट्ससाठी होणारे ब्लीचिंग हीसुद्धा रासायनिक प्रक्रियाच आहे. रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर ती टाळावी. बाजारात मिळणाऱ्या काही मेंदीमिश्रणांत धातूंचे क्षार असतात, आणि न्यूट्रलायझरमधील पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग होऊन केस तापतात व तुटतात. म्हणून डोक्याला कधी काळी मेंदी लावली असेल, तर ते आधीच सांगावे.

लांबी वाचवण्यासाठी दुभंगलेली टोके तशीच ठेवणे

दुभंगलेला केस पुन्हा जुळत नाही. सिरम आणि सिलिकॉनयुक्त क्रीम फाटे तात्पुरते चिकटवून ठेवतात, त्यामुळे विंचरणे सोपे होते आणि नवी झीज कमी होते, एवढा त्यांचा उपयोग खरा आहे. पण पुढच्या एक-दोन धुण्यांत ते निघून जातात. फाटा मात्र वर चढत राहतो, आणि आज एक सेंटिमीटर कापण्यास नाही म्हटले, तर काही महिन्यांनी चार सेंटिमीटर कापावे लागतात. दर आठ ते बारा आठवड्यांनी टोके छाटावीत, आणि प्रत्येक फाट्याच्या किंवा पांढऱ्या ठिपक्याच्या थोडे वर कापावे. घरच्या भाजीच्या किंवा कागदाच्या कात्रीने टोक चिरडले जाते आणि तेथूनच नवा फाटा सुरू होतो, तेव्हा केसांची वेगळी, धारदार कात्रीच वापरावी.

पावसाळा, स्कूटर आणि ओले केस

गोव्याच्या हवामानाचा खरा प्रश्न येथे येतो. ओला केस फुगतो, त्याचे खवले उघडतात आणि तो कोरड्या केसापेक्षा सहज ताणला व मोडला जातो. रसायन झालेला केस पाणी अधिक शोषतो, म्हणून त्याच्या बाबतीत हे आणखी खरे ठरते. जून ते सप्टेंबर या काळात सकाळी न्हायलेले केस दुपारपर्यंतही पूर्ण वाळत नाहीत. कामावर जाण्याच्या घाईत ते तसेच ओले रबरबँडमध्ये आवळले जातात, वरून हेल्मेट चढते, आणि दिवसभर ताणाखाली राहिलेली तीच एक ओळ काही आठवड्यांत तुटू लागते. वेणी किंवा अंबाडा रोज त्याच जागी न बांधता थोडा वर-खाली बांधावा, रबराऐवजी कापडाचा सैल बंध वापरावा, आणि शक्य असेल तर रात्री न्हाऊन, पंख्याखाली केस पूर्ण वाळवून मगच झोपावे. पंचाने घसाघसा पुसण्याऐवजी मऊ सुती कापडात केस दाबून पाणी टिपावे. स्कूटरवरून मोकळे केस सोडून जाणे सुखावह वाटते, परंतु वाऱ्याने बसलेल्या गाठी सोडवताना जितके केस तुटतात, तितके अनेकदा इस्त्रीनेही तुटत नाहीत.

विंचरण्याचीही एक पद्धत आहे. कंडिशनर केसांवर असतानाच रुंद दातांचा कंगवा घ्यावा, केस मध्यावर मुठीत धरावेत आणि खालची दोन-तीन इंच टोके आधी मोकळी करावीत. मग मूठ वर सरकवत जावे. मूठ घट्ट असल्यामुळे ताण मुळापर्यंत किंवा नाजूक सांध्यापर्यंत पोहोचत नाही. हे करायला दोन मिनिटे जास्त लागतात.

लग्नसमारंभात अबोलीच्या फात्या (गजरे) माळताना केसांना पिनांनी ओढून घट्ट आवळले जाते. फुलांचे वजन फारसे नसते, ओढ पिनांची असते. टोकाला प्लास्टिकचा गोळा असलेल्या पिना वापराव्यात, गोळा निघालेली पिन टाकून द्यावी, आणि घरी आल्यावर ती रचना सावकाश सोडवावी.

समुद्रात किंवा तरणतलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून, थोडे तेल लावून वेणी घालावी आणि बाहेर येताच गोड्या पाण्याने धुवावेत. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात खारट होते. त्या दिवसांत शेवटचा तांब्या तरी नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्याचा घ्यावा.

स्वयंपाकघरातले उपाय

खोबरेल तेलाची बाजू घेण्यास मला संकोच वाटत नाही. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी होते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. खनिज तेल असे करत नाही. मात्र खोबरेल न्हाण्याच्या काही तास आधी केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावायचे असते. तेल लावून लगेच इस्त्री फिरवू नये. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस केसांना निसरडे करतो आणि गुंता सोडवायला खरोखर मदत करतो. त्याने तुटलेला केस जुळत नाही.

अंड्यातील प्रथिनांचे रेणू फार मोठे असतात, ते केसाच्या गाभ्यात जाऊन बंध जोडत नाहीत. लिंबाचा रस सरळ डोक्यावर पिळू नये. माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर वापरायचेच असेल, तर मोठ्या तांब्याभर पाण्यात एक-दोन चमचे एवढेच घालून शेवटी केसांवरून ओतावे. सौम्य आम्लाने खवले बसतात, तीव्र आम्लाने टाळू जळते. खाण्याच्या सोड्याने डोके धुणे सर्वथा टाळावे, कारण त्याच्या अल्कलीने खवले उघडतात. शिकेकाईची जाडसर पूड थेट केसांवर चोळल्यास खवले घासले जातात. ती उकळून, गाळून पाणी वापरावे.

इस्त्री आणि ड्रायर

रिबॉन्डिंग केलेल्या केसांना रोज इस्त्रीची गरजच नसते. नवी वाढ दडवण्यासाठी ती वापरली जाते आणि नाजूक सांध्यावरच उष्णता बसते. वापरावीच लागली, तर 180 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावी, आणि केस पूर्ण कोरडा असल्याची खात्री करावी, कारण किंचित ओल्या केसातले पाणी आतल्या आत उकळते, त्याच्या वाफेचे बुडबुडे गाभ्यात राहतात आणि केस तेथून मोडतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

टाळूवर आग, फोड किंवा खपल्या असतील, डोक्यावर गोल पुंजक्यांनी केस जात असतील, किंवा मुळाच्या गाठीसह गळणारे केस दिवसाला 100 पेक्षा बरेच जास्त असतील, तर कोणत्याही तेलाने किंवा छाटणीने ते थांबणार नाही आणि नवी प्रक्रिया तर मुळीच करू नये. लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, बाळंतपण किंवा मोठा ताप यांमुळेही केस मुळापासून गळतात, आणि ते काम त्वचारोगतज्ज्ञांचे आहे. बांबोळीच्या गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना तुटलेले व गळलेले केस वेगवेगळ्या कागदात गुंडाळून न्यावेत, मागच्या प्रक्रियेचे रसायन व तारीख सांगावी, आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व टीएसएच (थायरॉइड) या तपासण्या करून घ्यायच्या का, असे विचारावे.