डस्टी स्प्रिंगफील्डची गाणी कशी ऐकावीत

ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला पहिल्यांदा ऐकणाऱ्याने गाजलेल्या गाण्यांची तयार यादी बाजूला ठेवून तिची कारकीर्द वर्षांच्या क्रमाने ऐकावी, कारण भरगच्च वाद्यवृंदाला पुरून उरणारा हा आवाज पुढे हात राखून गायला कसा शिकला, हे त्या क्रमातच उमगते. हेडफोन मात्र हवाच. मोबाइलच्या स्पीकरवर तिचे श्वास हरवतात आणि तिच्या गाण्यात श्वासालाही अर्थ आहे.

१९३९ मध्ये लंडनमध्ये आयरिश आईवडिलांच्या पोटी जन्मलेली मेरी ओब्रायन, म्हणजेच आपली डस्टी, आधी भावाबरोबर ‘द स्प्रिंगफील्ड्स’ या गटात लोकगीतांच्या वळणाची गाणी गात असे. त्यांतले एखादे ऐकून थेट १९६३ च्या ‘आय ओन्ली वॉन्ट टु बी विथ यू’कडे यावे.

पुढे जाण्यापूर्वी थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिचा आवाज अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतावर पोसलेला होता आणि ते ऋण ती उघडपणे मानत असे. १९६४ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाने विभागलेल्या श्रोत्यांपुढे गायला तिने नकार दिला, म्हणून तिला देशाबाहेर काढण्यात आले. १९६५ मध्ये मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या कलावंतांना ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आणणाऱ्या खास कार्यक्रमाचे सूत्रसंचालनही तिनेच केले.

त्यानंतर १९६६ चे ‘यू डोन्ट हॅव टु से यू लव्ह मी’ ऐकावे. मूळ चाल पिनो दोनाज्जो या इटालियन गायकाची. हवा तसा घुमारा मिळेना, म्हणून माइक स्टुडिओच्या जिन्यात लावला आणि डस्टी तिथे उभी राहून गायली. शेवटच्या कडव्यात आवाज चढतो तेव्हा तो घुमारा कानांनी शोधावा.

सर्वाधिक वेळ द्यावा तो ‘डस्टी इन मेम्फिस’ या अल्बमला. १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात वाद्ये ध्वनिमुद्रित झाली. पण ज्या अमेरिकी गायकांना ती मानत होती त्यांच्या त्या स्टुडिओत तिला दडपण आले आणि अंतिम गायन न्यूयॉर्कमध्ये झाले. ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ दोनदा ऐकावे: पहिल्यांदा फक्त गिटार आणि बेस, दुसऱ्यांदा फक्त पहिली ओळ. बिली रे हे नाव ती शेजारणीला गुपित सांगावे तसे हलकेच उच्चारते. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्ये, आणि साथीचे आवाज भरून आले तरी ती त्यांच्याशी चढाओढ करत नाही. आज थोर मानला जाणारा हा अल्बम तेव्हा फारसा खपला नव्हता, याची मला अजूनही हळहळ वाटते.

सत्तरच्या दशकातील अल्बम नंतर सवडीने ऐकले तरी चालतील. त्याआधी १९८७ मध्ये पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीबरोबर गायलेले ‘व्हॉट हॅव आय डन टु डिझर्व्ह धिस?’ लावावे. त्या जोडीतला गायक नील टेनंट जवळजवळ बोलल्यासारखा सपाट गातो आणि मग तिचा किंचित खरखरीत, ऊबदार आवाज येतो. तिथे ध्वनी वाढवावा.