यकृत डावीकडे, डोळ्याच्या खोबणीत भोक: व्हीआरने ॲनाटॉमी शिकवताना या चुका टाळा

मॉडेल विचित्र दिसलं की हेडसेटला नावं ठेवली जातात. पण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, सीटीतून मॉडेल काढताना झालेला असतो.

जाड काप घेणं
रिपोर्टिंगसाठी सीटीचे ५ मिमी जाडीचे काप पुरतात. त्यांच्यावरून बनवलेल्या बरगड्यांना मात्र जिन्यासारख्या पायऱ्या पडतात, आणि त्या स्मूदिंगने (पृष्ठभाग गुळगुळीत करून) घालवायला गेलं की बारीक रक्तवाहिन्याही जातात. १ मिमी किंवा त्याहून पातळ काप मागा, तेही सॉफ्ट टिश्यू कर्नलचे (कर्नल म्हणजे स्कॅनच्या आकड्यांतून चित्र बनवतानाचा फिल्टर). बोन कर्नलमध्ये नॉइज जास्त, पृष्ठभाग खरबरीत येतो. पातळ काप अनेक ठिकाणी साठवलेच जात नाहीत, म्हणून तंत्रज्ञांना स्कॅनच्या आधी सांगून ठेवा.

एकाच थ्रेशोल्डवर विसंबणं
थ्रेशोल्ड म्हणजे कोणत्या आकड्याच्या वरचं घ्यायचं ती मर्यादा. थ्रीडी स्लाइसर या सॉफ्टवेअरमध्ये २०० हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेचं एकक) वरचं सगळं हाड धरलं की कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) भरलेली महाधमनी मणक्यांना चिकटून येते, कारण तिचाही आकडा बऱ्याचदा २०० ते ४०० असतो. हाडांसाठी विनाकॉन्ट्रास्ट स्कॅन घ्या. दुसरा घोटाळा उलटा आहे. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते. एकाच व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या त्रिमितीय ठिपक्यात) हाड आणि शेजारच्या सायनसमधली हवा यांची सरासरी लागते, आकडा थ्रेशोल्डखाली घसरतो आणि भिंतीला भोक पडतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते फोरामेन (हाडातलं नैसर्गिक छिद्र) समजून पाठ करतो! मूळ काप समोर ठेवून ती जागा हाताने भरा.

डावं-उजवं न तपासणं
ही सगळ्यांत घातक चूक, कारण मॉडेल दिसायला निर्दोष असतं. डायकॉमची (स्कॅनच्या फाइलींचा प्रमाण प्रकार) अक्षपद्धती उजव्या हाताची, युनिटीची (व्हीआर ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) डाव्या हाताची, म्हणजे एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. स्वतः लिहिलेल्या लोडरने (फाइल उघडणाऱ्या कोडने) एसटीएलचे (त्रिमितीय मॉडेलच्या फाइलीचे) आकडे जसेच्या तसे घेतले तर अवयव आरशातल्यासारखा उलटतो, पण पृष्ठभाग नीटच दिसतो, त्यामुळे शंका येत नाही. उपाय म्हणजे एक अक्ष उलटवणं आणि सोबत पृष्ठभाग ज्या त्रिकोणांचा बनतो त्या प्रत्येकाच्या बिंदूंचा क्रमही उलटवणं. नुसता अक्ष उलटवला तर मॉडेल आतली बाजू बाहेर आल्यासारखं दिसतं, आणि 'आधीचंच बरं होतं' म्हणून लोक परत चुकीकडे जातात. एलपीएस आणि आरएएस (रुग्णाच्या शरीरावर अक्षांच्या दिशा मोजायच्या दोन पद्धती) यांची गल्लत वेगळी: तिथे दोन अक्षांची चिन्हं बदलतात, मॉडेल १८० अंशांत फिरतं, आरसा होत नाही.

तपासणी सोपी आहे. शिकवायची फक्त मूत्रपिंडं असली तरी चाचणीपुरतं यकृतही एक्स्पोर्ट करा. ते रुग्णाच्या उजवीकडेच दिसलं पाहिजे.

माप आणि वजन
एसटीएलमध्ये एककच नसतं. स्लाइसरचा मिलिमीटर युनिटीला मीटर वाटतो, म्हणून ०.००१ ने गुणा. नाहीतर १२ सेंमीचं हृदय १२० मीटरचं होतं. थ्रेशोल्डमधून निघालेली जाळी, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग, लाखो त्रिकोणांची असते. स्वतंत्र (संगणकाला न जोडलेल्या) हेडसेटवर ती अडखळते आणि मान वळवताच मळमळ सुरू होते. जाळी हलकी करा आणि फ्रेमरेट सेकंदाला ७२ चित्रांच्या खाली जाऊ देऊ नका. विद्यार्थ्याला जॉयस्टिकने फिरवू नका. तो बसलेला असावा आणि अवयव त्याने हातात घेऊन फिरवावा. एका वेळी १०-१५ मिनिटं पुरे.

खोलीतल्या अडचणी
स्टीलची चकचकीत टेबलं, आरसे आणि खिडकीचं ऊन यांनी ट्रॅकिंग (हेडसेट आणि हात कुठे आहेत याचा माग) भरकटतं. ट्यूबलाइटखाली प्रतिमा थरथरत असेल तर ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर ठेवा. भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला स्क्रीन जळतो. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची, स्पिरिटचा बोळा अजिबात नाही.

चेहरा विसरणं
डायकॉममधलं नाव पुसलं की झालं, असं नाही. डोक्याच्या सीटीतून त्वचेचा पृष्ठभाग काढला तर रुग्ण ओळखू येतो. चेहऱ्याचा भाग आधीच कापून टाका.

काप न दाखवणं
नुसतं रंगीत त्रिमितीय मॉडेल फिरवून रेडिओलॉजी येत नाही. विद्यार्थ्याच्या हातात मॉडेलमधून सरकवता येणारं प्रतल (सपाट छेद) द्या आणि त्याच पातळीचा मूळ राखाडी काप शेजारी दाखवा. इथे एक खोच आहे: ॲक्सियल (आडवा) काप रुग्णाच्या पायांकडून पाहिलेला असतो, म्हणून यकृत पडद्याच्या डाव्या बाजूला येतं. मॉडेलच्या डोक्याकडे उभा असलेला विद्यार्थी नेमका इथेच गोंधळतो. त्याला आधी पायांकडे उभं करा, मग काप उघडा.