ब्राझीलमधील इव्हँजेलिकल वाढीचा अभ्यास कसा करावा

अभ्यासाची सुरुवात जनगणनेपासून करावी, मात्र आकडे नेमके कोणाचे आहेत हे आधी तपासावे. १९७० मध्ये सुमारे ९२ टक्के असलेले कॅथलिक २०२२ मध्ये ५६.७ टक्क्यांवर आले, तर इव्हँजेलिकल, म्हणजे ब्राझीलमधील प्रोटेस्टंट ख्रिस्ती, २६.९ टक्क्यांवर पोहोचले. २०२२ चे हे प्रमाण दहा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांचे आहे; म्हणून त्याची तुलना २०१० च्या सर्व वयोगटांच्या २२.२ टक्क्यांशी न करता त्याच वयोगटाच्या २१.६ टक्क्यांशी करावी. तशी ती केली, की वाढ चालू असूनही आधीच्या दशकापेक्षा तिचा वेग मंदावल्याचे दिसते, आणि ‘ब्राझील लवकरच इव्हँजेलिकल होणार’ असे छातीठोकपणे सांगणे किती घाईचे आहे ते कळते.

यानंतर पंथ वेगवेगळे करावेत. जनगणनेच्या या एकाच गटात लुथरन, प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्टही येतात. परंतु विसाव्या शतकातील वाढीचा मोठा भाग पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांचा आहे. दोन स्वीडिश प्रचारकांनी १९११ मध्ये बेलें शहरात सुरू केलेली असेंब्लीज ऑफ गॉड आणि एदिर मासेदो यांनी १९७७ मध्ये रिओत स्थापन केलेले युनिव्हर्सल चर्च यांना एकाच मापाने मोजू नये. पहिली असंख्य स्थानिक मंडळ्यांतून पसरली. दुसऱ्याची सूत्रे एका केंद्रातून हलतात आणि रेकॉर्ड दूरचित्रवाणीसारखे माध्यम मासेदो यांच्या हाती आहे.

सर्वांत जास्त वेळ वस्तीच्या अभ्यासाला द्यावा, कारण ही वाढ का झाली याचे खरे उत्तर माझ्या मते तिथेच सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो कुटुंबे खेडी सोडून शहरांच्या कडेला येऊन राहिली. कॅथलिक धर्मगुरूला अविवाहित राहून अनेक वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते, त्यामुळे या नव्या वस्त्यांना पुरतील इतके धर्मगुरू मिळाले नाहीत. याउलट पेंटेकोस्टल पाळक बहुधा त्याच गल्लीतला, संसारी आणि पोटापाण्याचे काम सांभाळणारा असतो. शटर असलेला एखादा गाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ध्वनिक्षेपक आणि हाताने रंगवलेली पाटी एवढ्यावर संध्याकाळची उपासना सुरू होते. तिथे कोणाला नोकरी हवी आहे, कोणाचा नवरा दारूच्या आहारी गेला आहे, हे पाळकाला नावानिशी ठाऊक असते. अशा आधाराला केवळ पैशाचे आमिष म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

नकाशाही सोबत ठेवावा. जुन्या ईशान्य भागातील पियाउई राज्यात कॅथलिक सुमारे ७७ टक्के आहेत, तर ॲमेझॉनच्या प्रदेशातील, देशाच्या सीमेवरील आक्रे राज्यात इव्हँजेलिकल सुमारे ४४ टक्के आहेत. जिथे स्थलांतरितांची वस्ती नवी आणि जुन्या पॅरिशची (स्थानिक कॅथलिक धर्मक्षेत्राची) पकड सैल, तिथे नव्या मंडळ्यांना लवकर जागा मिळाली का, हे राज्याऐवजी नगरपालिकेच्या पातळीवर पडताळून पाहावे. सोबत आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगणाऱ्या ९.३ टक्के लोकांचा स्तंभही वाचावा, कारण कॅथलिक चर्चमधून बाहेर पडलेला प्रत्येक जण इव्हँजेलिकल झाला असे गृहीत धरता येत नाही.