परदेशी शाळेत कला शिकवायला जाण्यापूर्वी स्वतःची ओळख कशी लिहावी

परदेशातील एखाद्या शाळेत काही आठवडे स्वयंसेवक म्हणून चित्रकला, नाट्य किंवा कथाकथन शिकवायला जायचे ठरले, की तेथील मंडळी सर्वांत आधी आपली पानभर ओळख मागवतात. नाशिकमधून या कामासाठी निघालेले माझ्या माहितीतील बहुतेक जण अशा वेळी नोकरीसाठी केलेला बायोडाटाच पाठवून देतात आणि तेथेच चुकतात. आपली मुले रोज दोन तास या अनोळखी माणसाच्या हवाली करावीत की नाही, एवढेच त्या शाळेला ठरवायचे असते. त्या निर्णयाला उपयोगी पडेल ते लिहावे आणि बाकीचे गाळावे.

हे मी ठेच लागूनच शिकलो. केनियाच्या किनारपट्टीवरील एका शाळेला पाठवलेल्या माझ्या पहिल्या पत्रात दोन प्रदर्शने, चार प्रमाणपत्रे आणि ‘मुलांमधील सृजनशीलतेला वाव देण्याची तळमळ’ असा सगळा ऐवज होता. उत्तर दोनच ओळींचे आले: एका वेळी किती मुले सांभाळाल, आणि रंग नसतील तर काय कराल?

सुरुवात नावापासून करावी, कारण गोंधळही तेथूनच सुरू होतो. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात पुष्कळदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नावही छापलेले असते, आणि यांतले हाक मारायचे नाव कोणते हे परक्या माणसाला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. म्हणून पासपोर्टवरील पूर्ण नाव एकदा द्यावे आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘मला मीनल म्हणा, माझे विद्यार्थी मीनलताई म्हणतात’ असे सांगून टाकावे. गावासाठी एक वाक्य पुरे: मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवरचे, गोदावरीकाठचे शहर. तीर्थक्षेत्राचा महिमा येथे नको.

शिक्षणाबद्दल लिहिताना आपल्या परीक्षांची नावे परक्या कानांना कशी ऐकू येतील याचा विचार करावा. शासनाच्या चित्रकला ग्रेड परीक्षांमधील ‘इंटरमिजिएट’ ही आपल्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट. पण केवळ तो शब्द वाचणाऱ्याला ‘मध्यम दर्जाचा, अजून शिकणारा’ असे वाटते. तेव्हा ‘शाळकरी वयात दिलेली राज्यस्तरीय चित्रकला परीक्षा, श्रेणी अ’ असे उलगडून लिहावे. ए.टी.डी. ही अक्षरे तेथे कोणालाच काही सांगत नाहीत. ‘कलाशिक्षक पदविका’ असे पूर्ण नाव द्यावे. ‘इयत्ता सहावी’ऐवजी मुलांचे वय लिहावे, कारण इयत्तांची मोजणी देशोदेशी वेगळी असते.

पत्राचा गाभा म्हणजे आपण प्रत्यक्षात काय करणार, आणि येथे हात आखडता घेऊ नये. ‘सृजनशील अभिव्यक्तीच्या माध्यमातून मुलांचा सर्वांगीण विकास साधणे’ या वाक्यावरून वर्गात काय घडेल ते कोणालाही दिसत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘१० ते १३ वर्षांच्या २५ मुलांबरोबर मी ९० मिनिटांचा तास घेतो. प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राचे एक पान देतो. पान उभे दुमडून घडीच्या बाजूने अर्धा चेहरा फाडायचा. कात्री वापरायची नाही. घडी उघडली की मुखवटा तयार होतो. मग तो लावून मुले एक शब्दही न बोलता घरातल्या एखाद्या माणसाची चाल करून दाखवतात, आणि बाकीचे ती ओळखतात.’ एवढ्या मजकुरातून वय, संख्या, वेळ, साहित्य आणि आपला स्वभाव या पाचही गोष्टी मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचतात. जे जमत नाही तेही लिहावे. मला गाणे शिकवता येत नाही आणि सहा वर्षांखालील मुलांचा वर्ग माझ्या आवाक्याबाहेर आहे, ही दोन वाक्ये घातल्यापासून माझ्या पत्रांना उत्तरे लवकर येऊ लागली.

वारली चित्रकलेबाबत थोडे परखडपणे लिहितो. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवक ‘मी आमची पारंपरिक वारली कला शिकवेन’ असे लिहितो. ही कला वारली समाजाची आहे. तांदळाच्या पिठाने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नप्रसंगीचे चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या सुवासिनींची ती परंपरा आहे. जिव्या सोमा मशे यांनी तिला भिंतीवरून कागदावर आणि पुढे जगभर नेले, आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण ती नाशिकमधल्या चार दिवसांच्या शिबिरात शिकलो असू, तर तसेच लिहावे: कोणाची कला, कोणाकडून आणि किती शिकलो. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पाड्यांवर बोहाडा या सोंगांच्या उत्सवात नाचवल्या जाणाऱ्या मुखवट्यांनाही हाच न्याय. तिकडच्या मुलांकडेही स्वतःचे आकार आणि गोष्टी असतात, आणि उसने काय व आपले काय हे सांगणाऱ्या शिक्षकाकडे ती मुले त्या लवकर उघड करतात.

पत्र बहुधा इंग्रजीतच जाते. आधी मराठीत लिहून मग ते इंग्रजीत करावे, मात्र रजेच्या अर्जातले इंग्रजी वापरू नये. ‘गरीब मुलांचे आयुष्य बदलण्यासाठी’ असे शब्द आले असतील तर ते खोडावेत. त्या मुलांचे पालकही ते पत्र वाचू शकतात. आपल्या नाशिकच्या विद्यार्थ्यांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय जोडू नयेत. त्यांच्या कामाचे आणि हातांचे छायाचित्र पुरते. शेवटी येण्याची व परतण्याची तारीख, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट तयार आहे की नाही, आणि ईमेलला खरोखर उत्तर देणाऱ्या एका मुख्याध्यापकांचा संपर्क, अर्थात त्यांना आधी विचारून, द्यावा. पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही अनेक देशांत चालत नाही, म्हणून कोणता व्हिसा काढावा हेही याच पत्रात विचारावे.

पुष्कळदा छोटा व्हिडिओही मागतात. दीड मिनिट पुरे. खिडकीकडे तोंड करून बसावे, कागदावरून वाचू नये, बोलता बोलता तो वर्तमानपत्राचा मुखवटा फाडून दाखवावा. रस्त्यालगत घर असेल तर रिक्षांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहाटेच उरकावे. पुढे फोनवर बोलायची वेळ ठरवताना त्यांच्या घड्याळाने लिहावे: केनिया आपल्या अडीच तास मागे आहे, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा नाशिकमध्ये साडेबारा झालेले असतात.

मुलांपुढची ओळख निराळी, आणि ती तोंडीच असावी. केनियात स्वाहिली आणि इंग्रजी या दोन्ही अधिकृत भाषा आहेत, आणि स्वाहिलीत पुस्तकाला किताबू, लेखणीला कलामू, दुकानाला दुका म्हणतात. हे तीन शब्द मी फळ्यावर लिहिले आणि शेजारी देवनागरीत किताब, कलम, दुकान लिहिले. माझे नाव सांगायचे राहूनच गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने चौथा शब्द सुचवला: चाय.