एचआयव्हीच्या निकालाच्या कॉलमला लेबल लावताना

मी पॅथॉलॉजी लॅबचे डेटाबेस सांभाळते. एका लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलाला घाईघाईत सगळ्या टेबलांचा ग्रांट, म्हणजे वाचायची परवानगी, दिला गेला, आणि एका पेशंटचा एचआयव्हीचा निकाल तिच्या गल्लीपर्यंत पोहोचला. ग्रांट देणाऱ्यानं डेटाबेसचा कुठलाच नियम मोडला नव्हता. टेबल त्याचं होतं, आणि ग्रांट मालकाच्याच हातात असतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा ही माहिती गुप्त ठेवायला सांगतो, पण पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला, तो कुणीतरी शिकवावा लागतो.

त्यासाठी मँडेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे सक्तीचं प्रवेश-नियंत्रण. मालकानं, अगदी सुपरयुजरनं (डेटाबेसच्या सर्वाधिकारी युजरनं) परवानगी दिली, तरी धोरण नाही म्हणालं तर नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबल-कॉलमवर सुरक्षेची खूण लावणारी 'सिक्युरिटी लेबल' ही आज्ञा ९.१ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. नुसतं लेबल मात्र काहीच अडवत नाही. ते वाचून अडवणारं मॉड्यूल लागतं. एसईलिनक्ससाठी, म्हणजे लिनक्समध्ये असं धोरण राबवणाऱ्या व्यवस्थेसाठी, ते सेपीजीएसक्यूएल. (इथली नावं मी देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.)

पोस्टग्रेस एसईलिनक्सच्या पर्यायासह बिल्ड केलेला हवा. शेअर्ड प्रीलोड लायब्ररीच्या यादीत मॉड्यूलचं नाव घाला. मग सर्व्हर बंद ठेवून, सिंगल-युजर मोडमध्ये, मॉड्यूलसोबत आलेली एसक्यूएल फाइल प्रत्येक डेटाबेसवर चालवा. टेम्प्लेट शून्य आणि टेम्प्लेट एक विसरू नका, नाहीतर पुढे बनणारे डेटाबेस कोरेच राहतील. या फाइलमधलं रिस्टोअरकॉन फंक्शन सगळ्या वस्तूंना सुरुवातीची लेबलं लावतं. ते नंतर पुन्हा चालवलंत, तर हातानं लावलेली लेबलं पुसली जातात.

आता कॉलम. लेबलात युजर, रोल, टाइप आणि लेव्हल असे चार भाग असतात. आपलं काम टाइपशी. निकालाच्या कॉलमचा टाइप 'सेपीजीएसक्यूएल सीक्रेट टेबल टी' करा. आज्ञेत ऑन कॉलम, टेबलाचं आणि कॉलमचं नाव, मग इज आणि अवतरणात पूर्ण लेबल. आख्ख्या टेबलाला सीक्रेट करू नका. काउंटरला नाव आणि नमुन्याचा नंबर दिसायलाच हवा. ओळीगणिक लेबल मात्र या मॉड्यूलमध्ये नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती चाचणी. सेपीजीएसक्यूएल डेटाबेसच्या युजरचं नाव बघतच नाही, जोडणी करणाऱ्या प्रोसेसचं एसईलिनक्स लेबल बघतं. अ‍ॅडमिनचं लॉगिन बहुधा अनकन्फाइन्ड, म्हणजे धोरणाच्या बंधनाबाहेर असतं आणि त्याला सीक्रेट कॉलमही दिसतो. मी दोन दिवस माझ्याच लॉगिनमधून तपासत राहिले आणि लेबल लागतच नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसले. बंधनात असलेल्या युजरनं आत या आणि गेटकॉन फंक्शननं आपलं लेबल आधी वाचा. त्याच मशीनवरच्या युनिक्स सॉकेटवर हे लेबल आपोआप मिळतं. दुसऱ्या मशीनवरून येणाऱ्या जोडणीसाठी लेबल्ड नेटवर्किंग वेगळं बसवावं लागतं.

नकार मिळाला की तो एकट्या कॉलमपुरता नसतो. 'सिलेक्ट स्टार' लिहिलेली, म्हणजे सगळे कॉलम मागणारी क्वेरी सबंध कोसळते. त्यामुळे आठवडाभर परमिसिव्ह सेटिंग चालू ठेवा: काहीच अडत नाही, पण काय अडलं असतं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये 'डिनाइड' म्हणून उमटतं. आमच्या लॉगमध्ये सगळ्यात वर बिलाचा रिपोर्ट होता, ज्याला त्या कॉलमची गरजच नव्हती! असे रिपोर्ट एकेक करून दुरुस्त करा, मगच परमिसिव्ह बंद करा.

काउंटरला फक्त 'निकाल तयार' एवढं हवं असतं. तेवढंच सांगणारं फंक्शन लिहा आणि त्याला ट्रस्टेड प्रोसीजरचा टाइप द्या. ते चालताना लेबल बदलतं आणि आतला कॉलम वाचता येतो. नेहमीचा ग्रांटही लागतोच, कारण दोन्ही तपासण्या पार व्हाव्या लागतात.

बॅकअप काढणारा पीजीडंप लेबलं सोबत नेतो, ती वगळायचा पर्याय वापरू नका. आणि क्वेरीच्या निकालातून नवं टेबल बनवणाऱ्या 'क्रिएट टेबल अ‍ॅज'वर नजर ठेवा. सीक्रेट कॉलम वाचू शकणाऱ्यानं त्याची नक्कल काढली, तर नव्या टेबलावर ठरलेलं साधं लेबल येतं, सीक्रेट नाही. मी दर सोमवारी लागलेली लेबलं दाखवणारा पीजी सेकलेबल्स हा व्ह्यू चाळते आणि नवीन टेबल दिसलं की ते कुणी आणि कशासाठी बनवलं ते विचारते.