इराणला हळद पाठवण्याआधी बँकेत जा

आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), स्पायसेस बोर्डाची नोंदणी, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून लिहितोय. त्याची धास्ती घेऊ नका. डीजीएफटीचं, म्हणजे आयईसी देणाऱ्या विदेश व्यापार खात्याचं, ऑफिस नागपुरातच आहे, कागद चोख असले की काम होतं.

मी अडकलो पैशात. 2019च्या पावसाळ्यात वायगावची हळद इराणच्या बंदर अब्बासला पाठवायला निघालो. "खाण्याच्या वस्तूंना अमेरिकेच्या इराणवरच्या निर्बंधातून सूट आहे" एवढं ऐकून निर्धास्त होतो. ते खरंच आहे, अमेरिकेने 2000च्या कायद्यातच शेतमाल आणि औषधांना वाट ठेवली. पण सूट मालाला आहे. तुमच्या बँकेने ते पैसे घेतलेच पाहिजेत, अशी सक्ती कुणावर नाही. माझा प्रोफॉर्मा (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) डॉलरमध्ये होता. दुबईहून पाठवलेला डॉलरही बहुतेक वेळा अमेरिकन बँकेतून फिरून येतो, आणि कागदावर इराणचं बंदर दिसलं की तिथेच अडतो. कंटेनर नागपूरच्या मिहानच्या डेपोत भरून उभा, गोण्यांचा पिवळा भुगा माझ्या नखांत, आणि फोनवर बँकेची बाई सांगत होती, "सर, हे आम्हाला जमणार नाही."

रुपयाची वाट आहे. 2012मध्ये युको बँकेतून इराणशी रुपयात व्यवहार सुरू झाला. पण तिथल्या इराणच्या खात्यात रुपये यायचे ते आपण घेतलेल्या तेलाचे. मे 2019मध्ये तेल घेणं थांबलं, भर आटली आणि निर्यातदारांची बिलं रखडली. म्हणून करार रुपयात करा, एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) हातात येईपर्यंत गोणी हलवू नका, आणि खरेदीदार, त्याची बँक, जहाज कंपनी ही तिन्ही नावं अमेरिकेच्या निर्बंध यादीत तपासा. अन्नाची सूट यादीतल्या बँकेला वाचवत नाही.

"कागदावर दुबई दाखवून काढून देतो" म्हणणारा भेटेलच. त्याच्या दारातही उभे राहू नका. शिपिंग बिलावर खोटं ठिकाण लिहिलं की कस्टम्सचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो. सल्लागारांवर पैसे उधळण्यापेक्षा एखाद्या जुन्या सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सचे कागद करणाऱ्या एजंटकडे, दोन दुपारी बसा. मला एलसी वाचायला तिथल्याच एका काकांनी शिकवलं, चहाशिवाय काही घेतलं नाही.

घाबरू मात्र नका, हा धंदा होतो. ती हळद मी नागपूरच्या इतवारी बाजारात तोट्यात विकली. पुढच्या हंगामात त्याच खरेदीदाराने रुपयातली एलसी आधी पाठवली, मगच मी गाडी भरली.