संकट नव्हतं, झाकण उघडं होतं: पाण्याच्या वरच्या थरातले शिकारी मासे पाळताना या चुका टाळा

आमचा पहिला अ‍ॅरोवाना मासा सोफ्यामागे सापडला. सकाळी केर काढताना, कडक वाळलेला. आईने हात जोडले आणि म्हणाली, "घरावर काहीतरी येणार होतं, त्याने स्वतःवर घेतलं." दुकानदारानेही फोनवर हेच सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, दुसरा राखून ठेवू का?

हे वाक्य मुंबईत अ‍ॅरोवाना पाळणाऱ्या घराघरांत ऐकू येतं. वास्तू, फेंगशुई, धंद्याला बरकत म्हणून हा मासा घरात येतो आणि मेला की त्याच श्रद्धेवर मालक मोकळा होतो. आमच्यावर संकटबिंकट काही येणार नव्हतं. आदल्या रात्री मी फिल्टरचा पाइप धुवायला काढला होता आणि झाकणाची चार बोटांची खाच उघडी राहिली होती. त्यानंतर ओळखीपाळखीच्यांच्या टाक्या बघायला जाऊ लागलो तसं लक्षात आलं की बहुतेक चुका एकाच जातीच्या आहेत. आपण टाकी समोरून बघतो, तर हा मासा वरच्या वीतभर पाण्यात जगतो.

झाकण

सिल्व्हर अ‍ॅरोवाना मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. पावसाळ्यात बुडालेल्या जंगलात तो पाण्याखालून फांद्यांकडे नजर लावून फिरतो आणि पानावरचा किडा दिसला की उडी मारून उचलतो. आपल्या घरात फांदी नसते, पण ट्यूबलाइटभोवती पाखरं असतात. पहिल्या पावसानंतर घरात येणारे पंखवाले किडे तर त्याच्यासाठी आमंत्रणच. त्यामुळे नुसतं ठेवलेलं पातळ झाकण चालत नाही, मोठा मासा ते डोक्याने उचलतो. जाड काच, वर वजन किंवा खिटी हवी. पाइप आणि वायरच्या खाचा जाळीने नाहीतर स्पंजने बुजवा. पाणी काठापासून तीन-चार इंच खाली ठेवा. रात्री टाकीचा दिवा एकदम लावू नका. आधी खोलीतला लावा, पाच मिनिटांनी टाकीचा. पाणी बदलल्यानंतरची पहिली रात्र सगळ्यात धोक्याची, कारण मासा बिथरलेला असतो आणि झाकण नुकतंच हाताळलेलं असतं.

मासा जमिनीवर सापडलाच तर मेला असं समजून बसू नका. कल्ले ओले असतील तर तो परत येऊ शकतो. हात ओले करा, ओल्या पंच्यात धरून टाकीत सोडा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जवळ आणा, दिवे बंद करा. अंगाला चिकटलेला केर घासून काढायला जाऊ नका, त्याबरोबर अंगावरचा बुळबुळीत थर जातो. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाला आणि दोन दिवस खायला देऊ नका.

"टाकीच्या मापानेच वाढतो"

नाही वाढत. चार-पाच इंचांचं पिल्लू नीट खाल्लं तर वर्षभरात फूट-सव्वा फुटाचं होतं आणि घरच्या टाकीतही दोन-अडीच फुटांपर्यंत जातं. छोट्या टाकीत वाढ खुंटते, पण ती कणा वाकवून आणि कल्ल्याच्या झाकणाची कड बाहेर दुमडून. या माशाला उंच टाकी काही कामाची नाही, वरचा एक फूटच तो वापरतो. त्याला हवी लांबी, आणि त्याहून जास्त रुंदी, म्हणजे अंग न दुमडता वळता येईल. सहा फूट बाय दोन फूट ही सुरुवात आहे, चैन नव्हे.

आता मुंबईचा प्रश्न. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत जवळजवळ साडेसहाशे लिटर पाणी मावतं. काच आणि स्टँड धरून पाऊण टनाच्या वर. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरून आखतात आणि ही टाकी ते सगळं वजन बारा चौरस फुटांत टाकते. बाल्कनीत किंवा खोलीच्या मधोमध ती कधीच नको. तुळईला धरून, भिंतीलगत, तेही इंजिनिअरला दाखवून. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत राहत असाल तर हा बेत सोडा. खालच्या बिऱ्हाडाचा विचार करा.

खाणं: कोळंबी बुडते

लोक लाडाने जिवंत गोल्डफिश टाकतात. शिकार बघायला पाहुणे जमतात. गोल्डफिशच्या मांसात थायामिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नासवतं. शिवाय दुकानातल्या गर्दीच्या टाकीतले रोग त्याच्याबरोबर फुकट येतात. झुरळ पकडून टाकणारेही भेटले. सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी झालं हे झुरळाला विचारता येत नाही. आणि डासांच्या अळ्या मिळाव्यात म्हणून गॅलरीत पाण्याचं पिंप उघडं ठेवायची कल्पना कुणी सुचवली तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस आठवा.

बाजारातली ताजी कोळंबी उत्तम. डोक्याचा टोकदार काटा काढून टाका. पण कोळंबी बुडते आणि मासा खाली बघायला शिकतो. अ‍ॅरोवानाचा एक डोळा कायमचा खाली झुकतो, त्याला ड्रॉप आय म्हणतात. नेमकं कारण काय यावर हौशी लोकांत हाणामारी आहे. कुणी डोळ्यामागे साठणाऱ्या चरबीला दोष देतो, कुणी सतत खाली बघण्याला. झुकलेला डोळा मात्र सहसा परत येत नाही. म्हणून कोळंबी चिमट्याने पाण्याच्या वरच धरा आणि तरंगणाऱ्या गोळ्यांची सवय लहानपणीच लावा. गोळी खात नसेल तर कोळंबीच्या तुकड्यात दडवून द्या. नाहीच खाल्लं तर दोन-चार दिवस उपास घडू द्या. मोठा, धडधाकट मासा आठवडाभर न खाता सहज राहतो. इथे बहुतेक वेळा माशाआधी मालकाचाच धीर सुटतो.

पाणी स्वच्छ दिसतं, तरीही

मुंबईतल्या टाक्या इथेच जास्त फसतात. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा सात तलावांचं, म्हणजे पावसाचंच, आणि ते मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. मऊ पाण्यात आम्ल पचवायची ताकद कमी. मांसाहारी मासा भरपूर अमोनिया सोडतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या कामात आम्ल तयार होतं. दोन-तीन महिने पाणी बदललं नाही तर पाणी आंबट होत जातं, म्हणजे त्याचा पीएच हळूहळू सहाच्या खाली घसरतो, जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साचत जातो. पाणी मात्र काचेसारखं. कमी पीएचमध्ये साचलेला अमोनिया तितकासा विषारी रूपात नसतो, म्हणून मासाही तग धरून असतो.

मग एका रविवारी मालकाला उत्साह येतो आणि तो पाऊण टाकी बदलतो. ताज्या पाण्याने पीएच उसळी घेतो, साचलेल्याचं विषारी अमोनियात रूपांतर होतं आणि मासा संध्याकाळपर्यंत आडवा. "पाणी बदललं आणि मेला" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न हाच विचारतो: त्याआधी कधी बदललं होतं? आठवड्याला पाव टाकी, न चुकता. टाकी जुनी आणि दुर्लक्षित असेल तर रोज दहा टक्के करत या. फिल्टरमध्ये पोवळ्याच्या चुऱ्याची छोटी पिशवी ठेवली तर पीएच टिकतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं, आधी मोजून घ्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात स्वस्तात मिळतं. आणि सोसायटीच्या फळ्यावर इमारतीची पाण्याची टाकी धुण्याची सूचना लागली असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका. ब्लीचिंग पावडर किती टाकली हे वॉचमनलाही माहीत नसतं.

वर आला म्हणजे दम लागला?

बाकीचे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडू लागले की आपल्याला कळतं, प्राणवायू कमी पडतोय. हे मासे कायम वरच असल्यामुळे ही खूण उपयोगाची नाही. कल्ल्यांची उघडझाप मोजा, तब्येत बरी असतानाचा आकडा माहीत करून ठेवा. मे महिन्यात टाकी ३२ अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तो जास्त लागतो. पाण्यावर पंखा सोडला तर दोनेक अंश उतरतात, पण जूनच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावतं, तेव्हा पंख्यावर विसंबू नका, हवेचा पंप वाढवा. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर कागद पसरून उचला.

लांब चोचीसारख्या तोंडाचा गार मासा आणि आफ्रिकन बटरफ्लाय फिश या वरच्याच थरातल्या शिकाऱ्यांचं वेगळंच. ते वरची हवाही घेतात. टाकी काठोकाठ भरून झाकण लावलं तर त्यांचा तो मार्ग बंद होतो. बटरफ्लाय फिशला जोराचा प्रवाहही नको, त्याला वरचं पाणी संथ लागतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीड कोसळून मुंबई अंधारात गेली, तेव्हापासून बॅटरीवरचा पंप माझ्या घरात असतो. वीज परत आल्यावर कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातला फिल्टर, तसाच चालू करू नका. काही तास साचलेलं त्यातलं पाणी कुजलेलं असतं, आधी ते ओतून द्या.

शेजारी आणि निरोप

तोंडात मावेल तो शेजारी नव्हे, जेवण. काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकर फिश स्वस्त म्हणून टाकतात आणि तो रात्री अ‍ॅरोवानाच्या अंगाला चिकटून खवले खरवडतो. 'आर्चर' म्हणून विकला जाणारा थुंकणारा मासा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला, गोड्या पाण्यात तो फार टिकत नाही.

ॲलिगेटर गार घेऊच नका, तो सहा फुटांच्या पुढे जातो. मग लोक तो तलावात सोडतात; २०२३ मध्ये हा मासा भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दलमध्ये सापडला. पवईला "सोडून देतो" म्हणणाऱ्याला मासा विकू नये. लाल-सोनेरी आशियाई अ‍ॅरोवाना हवा असेल तर तो सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे: मायक्रोचिप, प्रमाणपत्र आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. कागद नाहीत असं दुकानदार कुजबुजला तर बाहेर पडा.

छोट्या घरात वरच्या थराचा शिकारी ठेवायची हौस असेल तर मी पँचॅक्स सुचवतो. आपल्याच पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला, चार इंचांचा, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा. दुकानात गोल्डन वंडर नावाने मिळतो तो यातलाच. अडीच फुटी टाकी, वर तरंगती वनस्पती, दोन नर-चार माद्या. गप्पीची पिल्लं तो अ‍ॅरोवानाच्याच ऐटीत टिपतो. उड्याही मारतो. माझ्याकडचा एक परवा फिल्टरच्या वायरच्या फटीतून आला, आणि ती फट जेमतेम करंगळीएवढी होती.